गोमंतकीयांना बंदी, आपल्याला निमंत्रण : कागलमधून कॅसिनोचा हिशेब

१ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशाला गोव्यातल्या कॅसिनोत जुगार खेळता येत नाही. तिथे नोकरी करायला हरकत नाही, पैसे लावायला आहे. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या सरकारने हा नियम लागू केला, त्यामागचे कारण उघड होते. स्थानिक माणूस, विशेषतः तरुण, जुगाराच्या नादी लागू नये. कोणत्याही सरकारने आपल्या लोकांसाठी असा विचार केला तर त्याचे स्वागतच करायला हवे.

पण हाच नियम कागलमध्ये बसून वाचला की त्याचा दुसरा अर्थ समोर येतो. ओळखपत्रावर पत्ता गोव्याचा असेल तर परत जा. पत्ता कोल्हापूर, बेळगाव, पुणे किंवा सुरतचा असेल तर या, बसा. म्हणजे हा खेळ घर मोडतो हे सरकारला मान्य आहे. फक्त मोडणारे घर आपल्या राज्यातले नसावे, एवढीच काळजी घेतली आहे.

कॅसिनोविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक, हे सगळे पाप आहे. दुसरा, हा पर्यटनाचा विकास आहे, तुम्ही मागासलेले आहात. चळवळीतल्या कार्यकर्त्याने या दोन्हींत अडकू नये. आपला प्रश्न साधा आणि जुना आहे. फायदा कोणाला आणि भरपाई कोण करतो?

हॉटेल आधी, कॅसिनो नंतर

कागलमध्ये ‘फाइव्ह स्टार’ म्हटले की लोकांना पंचतारांकित एमआयडीसी आठवते. कोणाचा मुलगा तिथे कंत्राटी कामाला आहे, कोणाची शिफ्ट बदलली आहे. कॅसिनोच्या धंद्यात मात्र ‘पंचतारांकित’ हा शब्द कायद्याची चावी आहे. ती कशी फिरते हे समजून घ्यायला हवे.

गोव्यात ‘गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा, १९७६’ आहे. हा कायदा मुळात जुगाराला बंदी घालणारा आहे. १९९२ मध्ये त्यात १३-अ हे कलम घालण्यात आले आणि पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरच्या जुगाराला परवानगी देण्याची वाट मोकळी झाली. पुढे १९९६ मध्ये जहाजांवरच्या खेळांनाही त्यात जागा मिळाली. म्हणून पत्त्यांची आणि रुलेटची खरी टेबले मांडवी नदीतल्या जहाजांवर दिसतात, तर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक यंत्रे दिसतात.

याचा अर्थ असा की जमिनीवर कॅसिनो हवा असेल तर आधी पंचतारांकित हॉटेल हवे. जाहिरातीत खोल्या, पोहण्याचा तलाव, लग्नाचे हॉल, परिषदगृह असे सगळे पुढे असते आणि कॅसिनो कोपऱ्यात असतो. कायद्याच्या भाषेत मात्र हॉटेल हीच कॅसिनोची पात्रता आहे. असा प्रकल्प ‘फक्त हॉटेल’ म्हणून गावासमोर येतो, तेव्हा आराखड्यात जुगाराची यंत्रे आहेत का, हा प्रश्न ग्रामसभेने पहिल्याच दिवशी विचारला पाहिजे.

याच कायद्याकडे जातवर्गाच्या नजरेने एकदा पाहा. वडाच्या झाडाखाली, समाजमंदिराच्या मागे चार पोरे तीनपत्ती खेळताना सापडली तर पोलीस उचलतात. पत्ते, रोकड आणि मोटारसायकली जप्त होतात, दुसऱ्या दिवशी ‘जुगार अड्ड्यावर छापा’ अशी बातमी येते. महाराष्ट्रातही १८८७ पासूनचा जुगार प्रतिबंधक कायदा हेच करतो. तोच पत्ता वातानुकूलित दालनात, परवाना घेऊन, कोट घातलेल्या माणसाने वाटला की त्याला ‘गेमिंग’ म्हणतात, उद्योग म्हणतात. झाडाखालच्या जुगाराची बाजू मला घ्यायची नाही. पण ज्या कायद्यात गुन्हा आणि उद्योग यांच्यातला फरक हॉटेलच्या ताऱ्यांवरून ठरतो, त्या कायद्याला नैतिक म्हणता येणार नाही.

धारगळ : पाणी कोणासाठी अडवले होते?

आपल्या भागातून गोव्याला जाणारा माणूस निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीला पोहोचतो. पत्रादेवी ओलांडली की पेडणे तालुका सुरू होतो. याच तालुक्यात मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. त्याचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. याच तालुक्यात, महामार्गालगत धारगळ आहे.

मांडवीत कॅसिनो जहाजे चालवणाऱ्या डेल्टा कॉर्प कंपनीने धारगळमध्ये सुमारे ९० एकरांवर भव्य रिसॉर्टचा प्रस्ताव पुढे आणला. हॉटेल, परिषदगृह, मल्टिप्लेक्स, वॉटर पार्क आणि इलेक्ट्रॉनिक कॅसिनो, असा हा एकत्रित प्रकल्प. कंपनी त्याकडे रोजगार आणि पर्यटन म्हणून पाहते. धारगळमधल्या लोकांनी त्याला विरोध केला आणि हा वाद न्यायालयापर्यंतही गेला. विरोधाचा एक मुद्दा आपल्याला फार जवळचा आहे. ही जमीन तिळारी पाटबंधारे प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातली आहे.

तिळारी हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प आहे. धरण आपल्याकडे, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात. या धरणासाठी दोडामार्गातली गावे उठली. घरे, शेती, देवराया, स्मशाने पाण्याखाली गेली. विस्थापित कुटुंबांना पुनर्वसन आणि नोकरी यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. त्यांना तेव्हा काय सांगितले गेले? तुमच्या त्यागातून दोन राज्यांतले शेतकरी पाणी पितील. त्या त्यागाचे कालवे पेडणे आणि बार्देशच्या शेतीसाठी काढले गेले. आता त्याच लाभक्षेत्रातली जमीन वगळून तिथे वॉटर पार्क आणि कॅसिनो उभा करायचा, तर मूळ कराराचे काय? जो माणूस शेतीच्या नावाखाली उठवला गेला, त्याला विचारल्याशिवाय शेतीचे नाव बदलता येते का?

कोल्हापूर जिल्ह्याला धरणग्रस्तांचे प्रश्न नवे नाहीत. काळम्मावाडी, चित्री, आंबेओहोळ या नावांमागे किती मोर्चे आहेत हे आजऱ्यापासून राधानगरीपर्यंतच्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. म्हणून धारगळचा प्रश्न हा केवळ गोव्याचा प्रश्न नाही. ‘सार्वजनिक हित’ म्हणून घेतलेली जमीन आणि पाणी नंतर कोणाच्या हिताकडे वळते, याचा तो नमुना आहे.

याला जोडून आणखी एक रेषा नकाशावर काढून बघा. नागपूरहून गोव्याकडे जाणाऱ्या, मूळ आराखड्यात सुमारे ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाचे टोक पत्रादेवी आहे. मूळ आखणीत कागल तालुक्यातल्या गावांचीही जमीन जात होती. म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध जोरदार लढा दिला. महामार्ग कॅसिनोसाठी आखला आहे असे मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण रस्त्याच्या एका टोकाला कोणता उद्योग वाढतो आहे हे न बघता रस्त्याचा फायदा-तोटा मोजता येत नाही. बागायती जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला देवळांची यादी दाखवली जाते. त्याच तालुक्यात उभ्या राहू पाहणाऱ्या कॅसिनोचेही नाव त्याला कळायला हवे.

महाराष्ट्राने दार बंद केले, खिडकी उघडी राहिली

एक ऐतिहासिक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. १९७६ साली गोव्याने जुगारबंदीचा कायदा केला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ‘महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम’ मंजूर केला. पुढे दोन्ही राज्ये उलट्या दिशेने गेली. गोव्याने बंदीत अपवाद घातला आणि तो अपवादच मुख्य धंदा झाला. महाराष्ट्राने परवानगीचा कायदा केला, पण तो अमलात कधी येणार याची तारीखच जाहीर केली नाही. कायदा पुस्तकात राहिला. अधूनमधून ‘कायदा आहेच, मग कॅसिनो सुरू करा, महसूल मिळेल’ अशी मागणी होत राहिली, प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. शेवटी २०२३ मध्ये राज्य सरकारने हा कायदाच रद्द करण्याचा निर्णय घेतला. कोणत्याही पक्षाच्या सरकारने घेतलेला असला तरी हा निर्णय योग्य होता, असे स्पष्ट म्हणायला हवे.

पण दार बंद झाल्याने प्रश्न संपला नाही. कॅसिनो सीमेपलीकडे आहे आणि नुकसान सीमेच्या अलीकडे येते. गोवा सरकारला परवाना फी मिळते. वस्तू व सेवा कराचा दर २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. कर मिळाला केंद्राला आणि गोव्याला, नफा मिळाला कंपनीला. हरलेल्या माणसाचे कर्ज, मोडलेले दागिने, शाळेतून काढलेली मुलगी आणि दवाखान्याचा खर्च मात्र आपल्या तालुक्याच्या वाट्याला आला. या खर्चाची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पात नसते.

दुसरी खिडकी आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये होती. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्या वेळी खुद्द केंद्र सरकारने मांडलेला अंदाज असा होता की, या खेळांचा सुमारे ४५ कोटी लोकांना फटका बसतो आणि त्यांचे वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये बुडतात. म्हणजे नुकसान होते, व्यसन लागते, आत्महत्या होतात हे सरकारने मान्य केले. मग मोबाइलवरची रमी समाजासाठी घातक आणि जहाजावरचा रुलेट पर्यटनासाठी उपयुक्त, हे कसे? फरक एवढाच दिसतो की एकाला हॉटेल जोडलेले आहे.

टेबलावरचे गणित

‘माझा मित्र चाळीस हजार जिंकून आला’ असे सांगणारा प्रत्येक गावात एक असतो. तो खोटे बोलत नसेल. म्हणून तरुणांशी बोलताना ‘तिथे कोणी जिंकतच नाही’ असे सांगू नका, ते पटत नाही. गणित सांगा.

रुलेटच्या साध्या चाकावर ० ते ३६ असे ३७ आकडे असतात. एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तो आला तर ३,५०० रुपये मिळतात, शिवाय लावलेले १०० परत. आता समजा, सगळ्या ३७ आकड्यांवर शंभर-शंभर लावले. एकूण लावले ३,७००. एक आकडा नक्की येणार. हातात आले ३,६००. शंभर रुपये टेबलाने ठेवून घेतले. चाकावर दोन शून्ये असतील तर आकडे ३८ होतात, लावायचे ३,८०० आणि मिळायचे तेच ३,६००. दोनशे गेले.

यात फसवणूक नाही, हे लक्षात घ्या. चाक सरळ आहे, डीलर प्रामाणिक आहे, तरीही टेबल जिंकते. एका फेरीत कोणीही जिंकेल, हजार फेऱ्यांत टेबलच जिंकेल. म्हणून कॅसिनोला हरणाऱ्या माणसाची भीती नसते आणि जिंकणाऱ्याचीही नसते. त्याला फक्त उठून जाणाऱ्याची भीती असते. जेवण, पेये, गाणी, थंड हवा हे सगळे माणसाने बसून राहावे यासाठी असते.

ज्याच्याकडे गमावण्यासारखे जास्त आहे, त्याच्यासाठी ही एक महागडी संध्याकाळ असते. ऊसतोडीची उचल, दुधाचे बिल, ट्रॅक्टरचा हप्ता, बहिणीच्या लग्नासाठी पतसंस्थेत ठेवलेली रक्कम यांवर ज्याचे घर चालते, त्याच्यासाठी गणित तेच असले तरी परिणाम वेगळा असतो.

बचत गटांच्या आणि कर्जग्रस्त कुटुंबांच्या कामात माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट सांगतो. जुगाराचे कर्ज ‘जुगाराचे’ म्हणून कधीच समोर येत नाही. ते धंद्यातला तोटा, मित्राला दिलेला हात, आजारपण किंवा हरवलेला मोबाइल अशा नावांनी येते. बाईला कळते तेव्हा मंगळसूत्र गहाण पडलेले असते, मायक्रोफायनान्सच्या तीन कंपन्यांचे हप्ते चालू असतात आणि खासगी सावकार दारात असतो. दारूचा वास येतो, जुगाराचा येत नाही. म्हणून त्याचा पत्ता उशिरा लागतो.

सिगालाला सांगितलेली गोष्ट

आपल्या वाचकांना सिगालोवाद सुत्त माहीत आहे. राजगृहाजवळ सकाळी दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला तथागतांनी गृहस्थाचे वागणे समजावले. त्यात संपत्तीचा नाश करणाऱ्या सहा वाटा सांगितल्या आहेत आणि जुगार ही त्यांतली एक आहे. पण हे सुत्त आपण वंदनेनंतर ऐकतो आणि पुढे जातो. समाजशास्त्राची विद्यार्थी म्हणून मला त्यातली मांडणी महत्त्वाची वाटते.

जुगाराचे सहा तोटे तिथे मोजले आहेत. जिंकले तर वैर वाढते. हरले तर गेलेल्या धनाचा शोक होतो. असलेली संपत्ती जाते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र आणि सहकारी त्याला कमी लेखतात. आणि लग्नाच्या बाबतीत कोणी त्याला पसंत करत नाही, कारण जुगारी माणूस बायको-मुलांना सांभाळू शकणार नाही, असे लोक मानतात.

यात नरकाची भीती नाही, देवाचा कोप नाही. सहापैकी तीन तोटे माणसाच्या समाजातल्या पतीविषयी आहेत: सभा, मित्र, सोयरीक. ज्या समाजाला शतकानुशतके सभेत बसू दिले नाही, त्याने बाबासाहेबांच्या मार्गाने जाऊन सभेत शब्द मिळवला. तो शब्द कर्जाच्या वहीत गहाण पडणे हे केवळ एका घराचे नुकसान नाही.

याच ठिकाणी आपल्यालाही आपल्याकडे बघावे लागेल. जयंतीच्या वर्गणीत मटक्याच्या, क्लबच्या किंवा अवैध सट्ट्याच्या चालकाचा मोठा आकडा येतो, तेव्हा किती मंडळे तो नाकारतात? डीजेच्या भिंतीवर त्याचा फोटो लागतो, मग वस्तीतल्या पोरांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

‘माझा पैसा, माझी मर्जी’

दोन आक्षेप प्रामाणिकपणे तपासले पाहिजेत.

पहिला, प्रौढ माणसाने आपला पैसा कसा खर्च करावा हे तुम्ही कोण सांगणार? आक्षेप गंभीर आहे, कारण ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणत आपल्या लोकांवर बंधने लादण्याचा इतिहास आपण भोगला आहे. पण निवड मोकळी असेल तर माहितीही मोकळी हवी. शिवाय जुगाराचे व्यसन ही निव्वळ मर्जी राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला विकार म्हणून स्थान दिले आहे. आणि पैसा बहुतेक वेळा एकट्याचा नसतो. त्यात बायकोची मजुरी, आईचे पेन्शन आणि मुलांची फी असते. त्यांची मर्जी कोणी विचारली?

दुसरा आक्षेप रोजगाराचा. कॅसिनो आणि हॉटेलांत हजारो लोक काम करतात, त्यांत आपल्या जिल्ह्यातली आणि सिंधुदुर्गातली मुलेही असतात. ते खरे आहे आणि त्या मुलांना दोष देणे चुकीचे ठरेल. पण शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखीव ठेवल्या, तेव्हापासून कोल्हापूरच्या मातीत एक प्रश्न रुजला आहे. नोकरी किती हे विचारा, आणि कोणत्या जागेवर कोण हेही विचारा. खासगी हॉटेलात आरक्षण नाही. स्वागतकक्ष, हिशेब, व्यवस्थापन कोणाकडे आणि झाडू, कपडे धुणे, रात्रपाळीची सुरक्षा कोणाकडे, याची आकडेवारी प्रकल्पाच्या जाहिरातीत का नसते?

महसुलाचा मुद्दाही नवा नाही. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी वस्तीत दारूची दुकाने वाढू देण्याविरुद्ध नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिले होते. संसार उद्ध्वस्त करून येणारा महसूल हे उत्पन्न नसून पुढे ढकललेला खर्च आहे, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

इतर देशांनी काय केले

सिंगापूरने दोन प्रचंड कॅसिनो रिसॉर्ट २०१० मध्ये सुरू केले. परदेशी पर्यटकाला प्रवेश मोफत. स्वतःच्या नागरिकाला मात्र एका दिवसाच्या प्रवेशासाठी तेव्हा १०० सिंगापूर डॉलर मोजावे लागत, २०१९ पासून १५० लागतात. त्याहून महत्त्वाची दुसरी तरतूद आहे. माणसाचे कुटुंब अर्ज करून त्याला कॅसिनोत बंदी घालून घेऊ शकते. सरकारी आर्थिक मदतीवर जगणाऱ्यांना आपोआप बंदी असते.

नेपाळमध्ये कॅसिनो आहेत, पण नेपाळी नागरिकांना तिथे खेळायला मनाई आहे. दक्षिण कोरियात अनेक कॅसिनो आहेत, पण कोरियन माणसाला फक्त एकाच ठिकाणी प्रवेश आहे. कोळसा खाणी बंद पडलेल्या जोंगसन भागात २००० साली उघडलेले कांगवन लँड. खाणकामगारांच्या भागाला रोजगार मिळावा हा हेतू होता आणि रोजगार मिळालाही. त्याच रस्त्याला गहाणाची दुकाने उभी राहिली, जिथे हरलेली माणसे गाड्या आणि घड्याळे ठेवून पुन्हा टेबलाकडे वळत.

या सगळ्या देशांत एक समान धागा आहे. कॅसिनो चालवणारे प्रत्येक सरकार सगळ्यात आधी आपल्या माणसाला त्यापासून लांब ठेवते. जुगाराविरुद्ध याहून मोठी साक्ष कोणती? गोव्याने हेच केले. फरक इतकाच की सिंगापूरचा ‘परका’ दुसऱ्या देशाचा आहे. गोव्याचा ‘परका’ याच देशाचा नागरिक आहे, त्याच घटनेखाली राहणारा, आंबोली घाट उतरून आलेला. एका भारतीयाचे रक्षण करायचे आणि दुसऱ्या भारतीयाला गिऱ्हाईक मानायचे, हे घटनेतल्या बंधुतेच्या तत्त्वात बसत नाही.

आपण काय मागायचे

घोषणा देऊन हा प्रश्न सुटणार नाही. काही ठोस मागण्या आणि कामे अशी असू शकतात.

पहिली, कुटुंबाच्या अर्जावर बंदी. महाराष्ट्रातल्या कोणत्याही पत्नीला, आईला किंवा वडिलांना अर्ज करून आपल्या माणसाचे नाव गोव्यातल्या कॅसिनोंच्या बंदी यादीत घालता आले पाहिजे. त्यासाठी महाराष्ट्र सरकारने गोव्याशी बोलणी करावी, आपल्या आमदार-खासदारांनी हा विषय सभागृहात मांडावा. ‘आडवी बाटली’च्या मतदानाने दारूची दुकाने बंद करण्याचा अधिकार महाराष्ट्रातल्या महिलांनी लढून मिळवला आहे. हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे.

दुसरी, महसुलातला वाटा उपचारासाठी. कॅसिनोवरच्या ४० टक्के करातला ठरावीक हिस्सा जुगाराच्या व्यसनावरच्या समुपदेशनासाठी, सीमेलगतच्या जिल्हा रुग्णालयांना मिळावा.

तिसरी, तिळारीच्या लाभक्षेत्रातली जमीन बिगरशेती कामाला वळवताना महाराष्ट्राची आणि विस्थापितांच्या संघटनांची संमती बंधनकारक करावी. धारगळच्या गावकऱ्यांशी आणि दोडामार्गच्या प्रकल्पग्रस्तांशी आपल्या कार्यकर्त्यांनी थेट संपर्क ठेवावा.

चौथे काम आपल्याच हातात आहे. कोणी कर्जात अडकले असेल तर आधी त्याला हिणवू नका. लाज वाटली की माणूस लपवतो आणि लपवले की कर्ज वाढते. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ क्रमांकावर, मराठीतून मोफत बोलता येते. विनापरवाना सावकाराचा त्रास असेल तर ‘महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४’ खाली तालुक्याच्या सहकार खात्यातल्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार करता येते. बेकायदा सावकारीत लिहून घेतलेली जमीन, व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल तर, परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे. ही माहिती प्रत्येक विहाराच्या फलकावर लावा.

पाचवे, येत्या जयंतीची पहिली बैठक होईल तेव्हा एक ठराव करा. जुगार आणि सट्ट्यातून आलेली वर्गणी घेणार नाही. आकडा कमी होईल, मिरवणूक लहान होईल. पण बैठकीतून उठून वस्तीतल्या पोरांशी बोलायला जाताना मान खाली घालावी लागणार नाही. आणि ठरावाची एक प्रत तहसीलदार कार्यालयात, वरच्या मागण्यांच्या निवेदनासोबत द्या. कागल तालुक्यातून असे वीस ठराव गेले तर सरकारला उत्तर द्यावे लागेल.